स्पीकरमधली घूं-घूं शोधायची सोपी पद्धत
गाण्यातली शांत जागा आली की मागून बारीक घूं ऐकू येते आणि सगळी मजाच जाते.

१. गाणं थांबवा, व्हॉल्यूम नेहमीचाच ठेवा, फ्रिज-पंखा बंद करून कान स्पीकरजवळ न्या.
२. अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) बंद करून एकेक सोर्सची, म्हणजे त्याला जोडलेल्या टीव्ही-प्लेअरसारख्या यंत्राची, केबल काढा, परत चालू करून ऐका, जिच्यानंतर घूं थांबली तीच लाइन दोषी, बरेचदा टीव्हीची केबल निघते.
३. सिग्नलची (आवाज नेणारी) वायर पॉवरच्या वायरला चिकटून नेऊ नका, ओलांडायचीच तर ९० अंशात.

माझ्याकडे एवढ्यानेच तंबोऱ्याची आस (मागे रेंगाळणारा नाद) विरेपर्यंत ऐकू यायला लागली, खरंच!

आणि घूं घालवायला प्लगची अर्थिंग कधीच काढू नका, शॉकचा धोका असतो.