आपुलकी शिकवण्यासाठी वर्गात बाहुली कशी वापरावी

नाशिकच्या बालवाड्यांमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांतली, बागलाणातून आलेली अहिराणी बोलणारी, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरची आणि पिढ्यान्‌पिढ्या पंचवटीत राहणारी मुले एकाच सतरंजीवर बसतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला शेजाऱ्याची वेगळी बोली किंवा डब्यातला अनोळखी पदार्थ खटकतो आणि तो ते लगेच बोलून दाखवतो. ‘असे बोलू नये’ असे दटावून त्याला गप्प करता येते. परंतु समोरच्याला काय वाटले असेल, याचा विचार त्याने स्वतःहून करावा असे वाटत असेल, तर हातात घालायची एक साधी बाहुली फार उपयोगी पडते.

बाहुली घरीच करावी. डोके कागदाच्या लगद्याचे करावे. लगद्यात थोडी मेथीची पूड मिसळली की तो चांगला चिकटून राहतो. तर्जनी मानेत, अंगठा आणि मधले बोट दोन हातांत बसेल असा सुती झगा शिवावा. चेहऱ्याचा रंग आपल्या मुलांसारखा सावळा किंवा गव्हाळ ठेवावा आणि ओठ हसरे रंगवू नयेत, कारण कायम हसणारी बाहुली ‘मला वाईट वाटले’ असे म्हणू लागली की मुलांना ते पटत नाही. डोळे रंगवलेलेच बरे. बटणे लावली तर ती पक्की शिवावीत, कारण सुटलेले बटण लहान मूल तोंडात घालते.

यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे आहे. बाहुलीचे नाव, वय, घरातली माणसे, तिला आवडणाऱ्या आणि भीती वाटणाऱ्या गोष्टी एका वहीत लिहून ठेवाव्यात, कारण मागच्या महिन्यात तिने सांगितलेली बारीकशी गोष्टही मुले विसरत नाहीत. समजा, बाहुलीचे नाव बकुळी आहे. ती पाच वर्षांची असून तिचे वडील अंबडला कामाला आहेत, आजी सटाण्याला राहते, तिला द्राक्षे आवडतात, फटाक्यांची भीती वाटते आणि ती कधीकधी ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणते. वर्गातल्या कोणत्याही मुलाचे नाव बाहुलीला देऊ नये आणि कोणाच्या घरची परिस्थितीही तिच्यावर जशीच्या तशी बेतू नये. तसे झाले तर सगळा वर्ग त्या मुलाकडे वळून पाहतो.

पहिल्या दोन-तीन भेटींत बकुळीला कोणतीही अडचण नसावी. तिने यावे, गप्पा माराव्यात आणि जावे. अडचण येण्याआधी मैत्री झालेली हवी. आवाज बदलण्याची चिंता करू नये. रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावासारखे शब्दभ्रमाचे कसब शिक्षिकेकडे असण्याची गरज नाही. बकुळीने बाईंच्या कानात कुजबुजावे आणि बाईंनी ते मुलांना सांगावे, एवढे पुरते. मात्र बोलणाऱ्या मुलाकडे बाहुलीचा चेहरा वळलाच पाहिजे.

मग एके दिवशी बकुळी मान खाली घालून येते. तिने डब्यात कळण्याची भाकरी आणली होती आणि शेजारची मुले ‘काळी भाकरी, काळी भाकरी’ म्हणून हसली. बाईंनी येथे थांबावे आणि एवढेच विचारावे, ‘बकुळीला आता कसे वाटत असेल?’ प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजावेत. ती शांतता अवघड वाटते, पण लाजरी मुले तिच्यानंतरच बोलतात. ‘मीपण हसलो असतो’ असे कोणी प्रामाणिकपणे म्हटले, तर रागावू नये. ‘बकुळी, तुला काय सांगायचे आहे?’ असे विचारून तिलाच उत्तर देऊ द्यावे. शेवटी ‘उद्या तिने काय करावे?’ हा सल्ला मुलांकडून घ्यावा आणि दोन दिवसांनी बकुळीने परत येऊन त्या सल्ल्याचे काय झाले ते सांगावे. बाहुलीने स्वतः कधीही उपदेश करू नये. तिला मदत हवी असते, आणि मदत करणारे मूल आपोआप मायेने बोलू लागते, हा माझा ठाम अनुभव आहे. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत आटोपावे.

एक चूक माझ्याकडून झाली, ती इतरांनी टाळावी. घाईत मी बाहुली मुलांदेखत खिळ्याला अडकवली. पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली, खिळ्याखाली उभी राहिली आणि किती समजावले तरी जागेवर जाईना. तेव्हापासून बाहुलीची स्वतःची पिशवी आहे. मुलांचा निरोप घेऊन ती पिशवीत ‘घरी’ जाते आणि खेळण्यांच्या टोपलीत कधीही पडत नाही.

बाईंना न सांगितलेली गोष्ट मुले बाहुलीला सांगतात. घरी मारहाण होते असे किंवा तशा स्वरूपाचे काही एखाद्या मुलाने सांगितले, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन बाहुलीच्या तोंडूनही देऊ नये. मुलाचे शांतपणे ऐकून घ्यावे, मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवावे आणि गरज पडल्यास 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर संपर्क साधावा.

परिणाम पाहायचा असेल, तर मुलांची परीक्षा घेऊ नये. डब्याच्या वेळी कोण कोणाशेजारी सरकून बसते, ते पाहून बकुळीच्या वहीतच टिपून ठेवावे. वर्ष संपताना ती वही बाहुलीबरोबर पुढच्या वर्गाच्या बाईंकडे द्यावी, म्हणजे जूनमध्ये बकुळी तिथेही मुलांना नावाने हाक मारील.