सहकाऱ्याच्या तासाला बसायचं कसं

नव्या प्राध्यापकांना शिकवायला मदत करायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी दिवसभराची व्याख्यानमाला ठेवतात. नुसतं व्याख्यान देऊ नका, हे सांगायलाही व्याख्यानच! मी याच कामात आहे आणि माझा भरवसा एकमेकांच्या तासाला बसण्यावर जास्त. फक्त ते नीट जमवावं लागतं.

आदल्या दिवशी दहा मिनिटं भेटा आणि विचारा, "मी नेमकं काय बघू?" "सगळंच बघा" हे उत्तर चालवून घेऊ नका. मागच्या बाकांवर फळा दिसतो का, दरवेळी तीच चार मुलं बोलतात का, असं एखादंच ठरवा. टिपणं पदोन्नतीच्या फायलीत जाणार नाहीत, विभागप्रमुखांनी मागितली तरी नाहीत, हेही तेव्हाच सांगून टाका. नाहीतर तुमच्यासाठी सजवलेला तास बघायला मिळेल.

वर्गात मागे बसा. वहीत डावीकडे वेळ, उजवीकडे काय घडलं ते. 'मुलं कंटाळली' हे झालं तुमचं मत. '१०.२०, तिसऱ्या रांगेत पाच जणांनी पेन खाली ठेवलं' ही नोंद.

प्रश्न विचारला गेला की मनात सेकंद मोजा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचार करून येतात. तिचा अभ्यास शाळांमधला, पण विद्यापीठातही मला हेच दिसतं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? फळ्यापाशी उभे राहून बघा, जीव कासावीस होतो.

तासानंतरची चर्चा शक्यतो त्याच दिवशी उरका. आधी त्यांना बोलू द्या, मग नोंदी वाचा. संख्याशास्त्राच्या एका सरांना मी वाचून दाखवलं: 'समजलं का?' चौदा वेळा, उत्तर एकदाही नाही. त्यांनी वही ओढून घेतली, स्वतः मोजलं.

"मग विचारू काय?"

"सर, 'पहिली पायरी कोणती घ्याल ते शेजाऱ्याला सांगा', असं म्हणून बघा."

पुढच्या तासाला एवढा एकच बदल. दुसरी सूचना सुचली तरी गिळा.

कुणाला आपल्या वर्गात पाहुणा नकोच असेल, तर सूक्ष्म अध्यापन करा. ही पद्धत १९६०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये सुरू झाली. पाच-दहा मिनिटांचा पाठ, मोजके श्रोते, एकच कौशल्य. लगेच चर्चा, आणि तोच पाठ पुन्हा.

त्यांच्या तासाला बसलात, की त्यांनाही तुमच्या तासाला बोलवा. तारखा सत्राच्या सुरुवातीलाच वेळापत्रकात टाका. परीक्षा जवळ आल्या की हे सगळं हमखास बारगळतं.