घर बघताना आधी रस्ता बघा

परदेशात चार पैसे जमले की आपल्याला पहिली भुरळ पडते ती ऐसपैस घराची आणि मागच्या मोकळ्या जागेची. आम्हालाही पडली. गावाबाहेर पाच खोल्या, मागे अर्धा एकर. म्हणजे 21,780 चौरस फूट! पहिल्या उन्हाळ्यात गवत कापताना त्यातला एकेक फूट कळला. मागचा भाग उताराचा, कडेने जमिनीखालून सांडपाण्याची सार्वजनिक लाइन गेलेली, त्यामुळे तिथे साधी शेड घालायलाही परवानगी नाही. हे सगळं कागदपत्रांत होतं. वाचलं कोणी?

तेव्हा एकूण जागा किती यावर जाऊ नका. हद्दीपासून किती फूट सोडावे लागतात, पाणी कुठे साचतं, ते विचारा. मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी एक चक्कर मारा. ड्रेनेजची लाइन तिथवर आलेली नसेल तर सेप्टिक टँक तुमच्या गळ्यात, आणि तो उपसायचा खर्चही.

पण खरं नडलं ते अंतर. कामावर जायला मला 40 मिनिटं, यायला तेवढीच. वर्षाचे 230 दिवस धरा, 300 तासांच्या वर जातात. रात्रंदिवस मोजले तर जवळपास 13 दिवस नुसते गाडीत! बायको तेव्हा गाडी शिकत होती. दूध संपलं तरी मी परतेपर्यंत थांबायची. तो काळ आठवला की अजून ओशाळायला होतं. घर दाखवतात रविवारी, रस्ता मोकळा असतो तेव्हा. तुम्ही कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला तिथून निघून बघा.

खोल्यांचं म्हणाल, तर पाहुण्यांची खोली आमच्याकडे वर्षातून दीड महिना वापरात यायची, एरवी तिथे कपडे वाळायचे. आईवडील येणार असतील तर तळमजल्यावर एक खोली आणि बाथरूम बघा. दुखऱ्या गुडघ्यांना वरच्या दोन खोल्या काय कामाच्या?

माझा क्रम आता अंतर, खोल्या, मग जमीन असा आहे. घरून काम करणाऱ्याचा वेगळा असेल. शक्य असेल तर आधी वर्षभर त्याच भागात भाड्याने राहा.

दुसरं घर घेतलं ते तीन खोल्यांचं. बायको चालत कामाला जाते. गवत कापायचं मशीन मात्र अजून पडून आहे, कुणाला हवं असेल तर घेऊन जा.