इंडक्शन मोटार चालते कशी आणि तिची देखभाल कशी करावी

थ्री-फेज इंडक्शन मोटारीच्या नेहमीच्या पिंजरा प्रकारात रोटरला (सळ्यांचा पिंजरा असलेल्या फिरत्या भागाला) बाहेरून वीज जोडलेलीच नसते. स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) वाइंडिंगमधील, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांतील, तीन फेजचे प्रवाह पाठोपाठ कमाल मूल्य गाठतात, त्यातून गोल फिरणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते रोटरच्या सळ्यांना छेदत गेल्याने सळ्यांत प्रवाह उत्पन्न होऊन रोटर त्या क्षेत्रामागे फिरू लागतो. ५० हर्ट्‌झवर चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटारीचे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते, रोटर मात्र पूर्ण भारावर साधारण १४४० फेरे घेतो. या फरकाला स्लिप म्हणतात. तो दोष नव्हे. रोटरने क्षेत्राला गाठलेच, तर सळ्यांतला प्रवाह थांबेल आणि टॉर्कही (फिरवणारा जोरही) उरणार नाही. भार वाढला की स्लिप, प्रवाह आणि उष्णता वाढतात, म्हणून देखभालीची सुरुवात अँपिअर मोजण्यापासून करावी.

मोटार भारावर असताना क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा प्रवाह मोजून नेमप्लेटशी ताडून पाहावा. व्होल्टेजमधील एक टक्का असमतोलही प्रवाहात सहा ते दहा टक्के असमतोल आणू शकतो. एखादा फेज गेला, तरी चालू मोटार बहुधा लगेच थांबत नाही. ती घुमत राहते, उरलेल्या फेजमधून जास्त प्रवाह ओढते आणि वाइंडिंग जळते. त्यामुळे ओव्हरलोड रिले (जादा प्रवाह वाहिल्यास मोटार बंद करणारे उपकरण) नेमप्लेटवरील अँपिअरला जुळवावा. तो वारंवार ट्रिप होतो म्हणून सेटिंग वाढवणे, ही मोटार जाळण्याची खात्रीची रीत आहे.

पुढची कामे पुरवठा बंद करून, स्विचला कुलूप लावून आणि व्होल्टेज नसल्याची खात्री करूनच करावीत. टर्मिनल बॉक्समधील सैल लग (तारांच्या टोकांचे जोड) घट्ट करावेत. पंख्याची जाळी आणि बॉडीवरील पात्यांमधली धूळ काढावी, कारण तापमान मर्यादेपेक्षा दहा अंश जास्त राहिले, तर इन्सुलेशनचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते.

बेअरिंगमध्ये ग्रीस कमी पडल्याने जसे नुकसान होते, तसे ते ठासून भरल्यानेही होते. जादा ग्रीस घुसळले जाऊन बेअरिंग तापते. उत्पादकाने सांगितलेला प्रकार आणि मात्रा पाळावी, दोन प्रकार मिसळू नयेत. सीलबंद बेअरिंगला ग्रीस देण्याचा प्रश्नच येत नाही.

बराच काळ बंद असलेली किंवा भिजलेली मोटार सुरू करण्यापूर्वी, ड्राइव्ह (वेग नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) असल्यास त्याच्या तारा सोडवून, ४१५ व्होल्टच्या मोटारीसाठी ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांमधील रोध मोजावा. तो एक मेगाओहमपेक्षा कमी आला, तर वाइंडिंग वाळवून पुन्हा मोजावे. चाचणीनंतर वाइंडिंग अर्थला टेकवून डिस्चार्ज करावे.