इंटेल एएमटी लावताना या चुका टाळा: बंद पडलेला पीसीही दुरून हाताळता यायला हवा

विंडोज नीट चालू असेल तर दुसऱ्याच्या स्क्रीनवर जायला रिमोट डेस्कटॉप किंवा एनीडेस्क पुरतं. पंचाईत होते ती विंडोज उठतच नाही तेव्हा. बायोसची एक सेटिंग बदलायला शाखेत माणूस पाठवावा लागतो. इंटेल व्हीप्रो (कंपन्यांच्या पीसींसाठीची इंटेलची श्रेणी) असलेल्या ऑफिस पीसीत यासाठीच एएमटी, म्हणजे पीसी दुरून हाताळायची ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी, असतं. ते चिपसेटमधल्या वेगळ्या कंट्रोलरवर चालतं, त्याला विंडोजची गरज नसते. सेटअपमधल्या बहुतेक चुका इथेच होतात: लोक एएमटीला विंडोजमधला एखादा प्रोग्राम समजून वागवतात. विंडोज फायरवॉलमध्ये पोर्ट उघडून काहीच होत नाही, कारण एएमटीसाठी आलेलं पॅकेट नेटवर्क चिपच वेगळं काढते आणि ते विंडोजपर्यंत पोहोचतच नाही.

खरेदीतच होणारी चूक

प्रोसेसर व्हीप्रोचा आहे एवढ्यावर भागत नाही. चिपसेटही तसा लागतो (डेस्कटॉपमध्ये क्यू४७०, क्यू६७० अशी क्यू मालिका) आणि बोर्डवरचा इंटेलचा लॅन पोर्टही. वेगळं लावलेलं लॅन कार्ड किंवा यूएसबीचा लॅन अडॅप्टर चालत नाही. 'व्हीप्रो एसेन्शियल्स'मध्ये केव्हीएम, म्हणजे दुरून स्क्रीन आणि कीबोर्ड, मिळत नाही. म्हणून ऑर्डरमध्ये 'व्हीप्रो एंटरप्राइज' असं स्पष्ट लिहून घ्या. काही उत्पादक ऑर्डरप्रमाणे मॅनेजमेंट इंजिन (एएमटी ज्यावर चालतं तो कंट्रोलर) कायमचं बंद करूनही मशिन देतात. ते मागाहून चालू करता येत नाही.

एमईबीएक्समध्ये अर्धवट सोडलेलं काम

मशिन सुरू होताना कंट्रोल+पी दाबलं की एमईबीएक्स, म्हणजे एएमटीचा सेटअप मेनू, उघडतं (डेलमध्ये एफ१२च्या मेनूतूनही जाता येतं). पहिला पासवर्ड इंग्रजीत 'admin' असा असतो. आत जाताच तो बदलावा लागतो. नवा पासवर्ड ८ ते ३२ अक्षरांचा हवा. त्यात मोठं अक्षर, लहान अक्षर, अंक आणि एक विशेष चिन्ह हवं. लोक अडकतात ते इथे: अंडरस्कोर विशेष चिन्हात धरला जात नाही, आणि कोलन, स्वल्पविराम, दुहेरी अवतरण ही चिन्हं चालतच नाहीत. उद्गारचिन्ह किंवा डॉलर घ्या, प्रश्न मिटतो.

पुढे मॅनेजेबिलिटी चालू करा, रिडायरेक्शनमधले तिन्ही पर्याय (एसओएल म्हणजे दुरून मजकुराचा पडदा, स्टोरेज म्हणजे दुरून डिस्क जोडणं, आणि केव्हीएम) चालू करा आणि शेवटी 'ॲक्टिव्हेट नेटवर्क ॲक्सेस' दाबायला विसरू नका. बाकी सगळं बरोबर भरून हे एक राहिलं, तर मशिन नेटवर्कवर उत्तरच देत नाही.

एएमटी वापरायचंच नसेल तरीही तो मूळ पासवर्ड तसाच ठेवू नका. बायोसला पासवर्ड असूनही कोणीही लॅपटॉपपाशी जाऊन याच वाटेने एएमटी स्वतःच्या ताब्यात घेऊ शकतो, हे एफ-सिक्युअर या सायबरसुरक्षा कंपनीने जानेवारी २०१८मध्ये दाखवून दिलं.

त्याच मशिनवरून चाचणी

ही चूक फार होते. मशिनवरच ब्राउझर उघडून लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशिन) आणि पोर्ट १६९९२ टाकलं की एएमटीचं पान उघडतं आणि सगळं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात ते पान विंडोजमधली एलएमएस सर्व्हिस (त्याच मशिनवरून एएमटीशी बोलणारा इंटेलचा प्रोग्राम) दाखवत असते. नेटवर्कवरून मशिन पोहोचतं का, हे त्यातून कळत नाही. त्याच मशिनवरून स्वतःचा आयपी टाकला तर उलट होतं: पॅकेट केबलपर्यंत जातच नाही, त्यामुळे चांगलं चालणारं एएमटीही बंद वाटतं. चाचणी नेहमी दुसऱ्या पीसीवरून करा, आणि दोनदा करा: एकदा विंडोज चालू असताना, एकदा शटडाउन केल्यावर. पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शनने पोर्ट तपासला तरी पुरे. साधं कनेक्शन १६९९२वर, टीएलएसचं (एनक्रिप्ट केलेलं) १६९९३वर. केव्हीएम आणि रिडायरेक्शन १६९९४ आणि १६९९५वर चालतं. एएमटी १६.१पासून टीएलएसशिवायचे पोर्ट काढून टाकले आहेत. नव्या मशिनवर १६९९२ला उत्तर मिळत नाही म्हणून डोकं खाजवत बसू नका, १६९९३ बघा.

चालू असताना सापडतं, बंद केल्यावर गायब

आधी पॉवर पॉलिसी बघा. एमईबीएक्समध्ये एस०सोबत (चालू) एस३ (झोप), एस४ (हायबरनेट) आणि एस५ (बंद) असलेला पर्याय निवडलेला हवा. मग बायोसमधली वीजबचत. डेलमध्ये 'डीप स्लीप कंट्रोल', एचपीत 'एस५ मॅक्झिमम पॉवर सेव्हिंग्ज', लेनोवो थिंकसेंटरमध्ये 'एन्हान्स्ड पॉवर सेव्हिंग मोड' चालू असेल तर बंद पीसीच्या लॅन चिपची स्टँडबाय वीजच तुटते. ते बंद करा. लॅपटॉप झोपलेला किंवा बंद असेल तर एएमटी चार्जर लावलेला असतानाच उत्तर देतं.

आपल्याकडच्या ऑफिसांत आणखी एक कारण असतं: संध्याकाळी जाताना भिंतीवरचं बटण किंवा यूपीएस बंद करायची सवय. वीजच नसेल तर रात्री अपडेट टाकायचं ठरवून उपयोग नाही. ज्या रांगांवर रात्री काम करायचं त्यांची बटणं चालू ठेवायला आधीच सांगून ठेवा.

तिसरी शक्यता स्विचची. पोर्टवर ८०२.१एक्स (ओळख पटल्याशिवाय नेटवर्कवर न घेण्याची पद्धत) असेल तर विंडोज बंद होताच ओळख पटवणारं कोणी उरत नाही आणि स्विच पोर्ट अडवतो. एएमटीला स्वतःचं वेगळं ८०२.१एक्स प्रोफाइल द्यावं लागतं. वायफायचंही तसंच: नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड एएमटीच्या प्रोफाइलमध्ये साठवलेलं हवं.

आयपीचा घोळ नको असेल तर विंडोज आणि एएमटी दोन्ही डीएचसीपीवर (सर्व्हरकडून आपोआप आयपी मिळण्यावर) ठेवा आणि सर्व्हरवर मॅक पत्त्याचं रिझर्वेशन करा. दोघांचा मॅक एकच असतो. एक स्टॅटिक आणि दुसरं डीएचसीपी अशी खिचडी केली की मशिन कधी एका पत्त्यावर सापडतं, कधी दुसऱ्या.

पान उघडतं, पण स्क्रीन दिसत नाही

केव्हीएमला प्रोसेसरमधलंच इंटेल ग्राफिक्स लागतं. मॉनिटरची केबल वेगळ्या ग्राफिक्स कार्डात असेल तर काळा पडदा दिसतो. केबल बोर्डवरच्या पोर्टला लावा. मॉनिटरच नसेल तर एचडीएमआयचा डमी प्लग लागतो.

सहा अंकी कोड मागितला जात असेल तर मशिन क्लायंट कंट्रोल मोडमध्ये (एएमटीचा मर्यादित अधिकारांचा मोड) आहे, किंवा 'यूजर कन्सेंट' (समोरच्याची परवानगी) चालू आहे. तो कोड समोरच्या स्क्रीनवर येतो आणि तिथे बसलेल्याने तो वाचून सांगावा लागतो. विंडोजमधून झटपट ॲक्टिव्हेट केलं की मशिन याच मोडमध्ये जातं. मग रात्री रिकाम्या शाखेत कोड सांगायला कोण? कोडशिवाय चालणाऱ्या ॲडमिन कंट्रोल मोडसाठी एमईबीएक्समधून हाताने सेटअप करा, नाहीतर प्रोव्हिजनिंग सर्टिफिकेट (दुरून सेटअप करायला लागणारं) घ्या. सर्टिफिकेटमधलं डोमेन आणि डीएचसीपीच्या पर्याय १५मधलं डोमेन जुळलं नाही तर दुसरा मार्ग सपशेल फसतो, आणि नव्या शाखेच्या राउटरवर हा पर्याय भरायचा हमखास राहतो. कोड बंद केला तरी केव्हीएम चालू असताना स्क्रीनभोवती लाल-पिवळी चौकट लुकलुकते. ती काय आहे हे कर्मचाऱ्यांना आधी सांगा, म्हणजे व्हायरस आला म्हणून कोणी प्लग ओढणार नाही.

दार उघडं राहू देऊ नका

मे २०१७मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०१७-५६८९ या त्रुटीमुळे एएमटीच्या ६ ते ११.६ आवृत्त्यांमध्ये रिकाम्या उत्तरानेही लॉगिन होत होतं. विंडोज अपडेट करून ही भोकं बुजतीलच असं समजू नका. मशिनच्या उत्पादकाकडचं फर्मवेअर टाका. १६९९२ ते १६९९५, तसंच ६२३ आणि ६६४ हे पोर्ट इंटरनेटवर कधीही फॉरवर्ड करू नका. ऑफिसबाहेरच्या लॅपटॉपसाठी मशिनने स्वतः सर्व्हरकडे जोडणी करण्याची सोय, सीआयआरए, वापरा. मेशसेंट्रल या मोफत रिमोट मॅनेजमेंट सर्व्हरमध्ये ती सहसा ४४३३ पोर्टवर असते. त्यासोबत 'एन्व्हायर्नमेंट डिटेक्शन'मध्ये (मशिन ऑफिसात आहे की बाहेर हे ओळखणारी सेटिंग) ऑफिसचं डोमेन काळजीपूर्वक भरा. त्यात एक अक्षर चुकलं तर ऑफिसात असूनही एएमटी स्वतःला बाहेर समजतं आणि आतले पोर्ट बंद ठेवतं.

व्हीएनसीसाठीचा (दुरून स्क्रीन बघायचे साधे प्रोग्राम) जुना ५९०० पोर्ट बंदच ठेवा. त्याचा पासवर्ड बरोबर ८ अक्षरांचाच असतो आणि त्या जोडणीला टीएलएस नसतं.

जुनं मशिन विकताना किंवा भाड्याचं परत करताना डिस्क पुसून थांबू नका. एमईबीएक्समध्ये जाऊन 'फुल अनप्रोव्हिजन' करा, म्हणजे एएमटीचा सेटअप पुसा. पासवर्ड, वायफाय प्रोफाइल आणि सर्टिफिकेट डिस्कवर नसतात, ते बोर्डवरच्या फ्लॅशमध्ये राहतात.