कॉलेजात नव्याने केमिस्ट्री शिकवताय? लॅबमधल्या या चुका टाळा

सेट किंवा नेट पास झाली, मुलाखत झाली, तासिका तत्त्वावर का होईना ऑर्डर हातात पडली. नव्या प्राध्यापकाची पहिली धावपळ मग नोट्सची असते. अणुरचना, थर्मोडायनॅमिक्स, स्टिरिओकेमिस्ट्री, सगळं पुन्हा वाचून काढायचं, फळ्यावर अडखळायला नको. तयारी हवीच. पण लेक्चरला अडखळलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी सावरून घेतो आणि मुलंही विसरून जातात. खरी फजिती होते प्रॅक्टिकलला. वीस जणांची बॅच उभी आहे, निम्म्यांचा एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रिया पुरी झाल्याचा रंगबदल, येत नाही, उरलेल्यांची रीडिंग एकमेकांशी जुळत नाहीत आणि सर मॅन्युअल चाळतायत. यातल्या बहुतेक गोंधळांचं मूळ एकच असतं. त्या आठवड्यात रॅकवर ठेवलेल्या बाटल्या वापरून सरांनी स्वतः एकदाही टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंबथेंब द्रावण सोडून दुसऱ्याचं प्रमाण काढणं, केलेलं नसतं.

आदल्या दिवशी स्वतः रीडिंग न घेणं

‘एम.एस्सी.पर्यंत हे कितीदा केलंय’ असं वाटतं, आणि ते खरंही असतं. फक्त ते दुसऱ्या लॅबमध्ये, दुसऱ्या बाटल्यांतून केलेलं असतं. इथली सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली गेल्या टर्मपासून नीट बंद नाही आणि आतल्या पेलेट्सचं ढेकूळ झालंय. हा पदार्थ हवेतला ओलावाही ओढतो आणि कार्बन डायऑक्साइडही. त्यामुळे ४ ग्रॅम मोजून लिटरभर केलेलं द्रावण ०.१ नॉर्मल असतं ते फक्त लेबलवर. ऑक्झॅलिक आम्ल वापरून त्याची खरी नॉर्मॅलिटी (द्रावणाची शक्ती) काढा आणि ती तारखेसकट बाटलीवर लिहा. मग मुलांना जे ब्युरेट, जे पाणी, जो इंडिकेटर मिळणार आहे, तोच घेऊन एक पायलट (अंदाजाचं रीडिंग) आणि दोन नीट रीडिंग घ्या. तुमचं ९.८ मिली आलं तर मुलांची उत्तरं ९.८ शी ताडून पाहायची. पुस्तकातल्या १० चा हट्ट धरला तर नीट काम करणाऱ्या मुलाचे मार्क जातात.

याचा दुसरा फायदा म्हणजे बॅचसमोर काही बिघडलं तर कुठे पाहायचं ते ठाऊक असतं. एरवी रीडिंग चुकलं की दोष आपसूक मुलाच्या हाताला दिला जातो. पुष्कळदा मुलाचा हात बरोबर असतो आणि द्रावणात खोट असते.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचंच घ्या. एफ.वाय.ला सगळ्यात जास्त रडवणारा प्रयोग हाच. फ्लास्कमध्ये गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा आला तर सल्फ्युरिक आम्ल कमी पडलंय, फ्लास्क गार आहे किंवा ब्युरेटचा नळ भसाभस सोडलाय. तिन्हीत मँगनीज डायऑक्साइड तयार होतो आणि रीडिंग वाढतं. पहिले काही थेंब रंग सोडायला वेळ घेतात, ते ठीकच आहे. मँगनस आयन तयार व्हायला लागले की तेच अभिक्रियेला वेग देतात. मुलं मात्र पहिल्याच थेंबाचा गुलाबी रंग पाहून ‘सर, एंड पॉइंट आला’ म्हणतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा. द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं, उकळायचं नाही. जास्त तापवलं तर ऑक्झॅलिक आम्लाचंच विघटन होतं आणि रीडिंग कमी येतं. कोणी सल्फ्युरिकऐवजी शेजारच्या बाटलीतलं हायड्रोक्लोरिक ओतलं असेल तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतो आणि रीडिंग फुगतं. नायट्रिक ओतलं असेल तर ते स्वतःच ऑक्सिडीकरण करतं, मग उलट कमी. म्हणजे चूक कुठल्या दिशेला आहे यावरूनच कुठली बाटली उचलली गेली याचा अंदाज येतो. शिवाय या गडद द्रावणात मेनिस्कसची (द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाची) खालची कड दिसत नाही, म्हणून वरची वाचायची. निम्मी बॅच वरची आणि निम्मी खालची वाचत असेल तर रीडिंग जुळणार कशी?

पाण्याच्या कठीणपणाच्या प्रयोगात तक्रार वेगळी असते. ईडीटीए (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं द्रावण) घालत जावं, पण वाइन-रेडचा स्वच्छ निळा होतच नाही, मध्येच जांभळट रेंगाळतो. आधी बफरची बाटली हुंगा, म्हणजे नाक लांब ठेवून हाताने वारा घेऊन. अमोनियाचा वास जेमतेम येत असेल तर पीएच १० वरून घसरलाय, बफर नवा करा. बफर ठीक असेल तर इंडिकेटर पाहा. एरिओक्रोम ब्लॅक टीचं द्रावण फार टिकत नाही. मिठात खलून कोरडं ठेवलं तर बरेच दिवस चालतं. तरीही अडलं तर पाण्यात लोह किंवा तांबं उतरलेलं असू शकतं. ते इंडिकेटरला धरून बसतात आणि सोडत नाहीत. डिस्टिलेशन प्लँट किती दिवसांत साफ झालेला नाही, हा प्रश्न इथे विचारायचा.

आयोडोमेट्रीत, म्हणजे सुटलेलं आयोडिन मोजायच्या टायट्रेशनमध्ये, एकच गोष्ट घोकून घ्या. स्टार्च सुरुवातीला घालायचा नाही, द्रावण फिकट पिवळं झाल्यावर घालायचा. आधी घातला तर तो आयोडिनला घट्ट धरून ठेवतो आणि एंड पॉइंट लांबतो. आणि फेरस अमोनियम सल्फेटचं द्रावण पिवळसर दिसत असेल तर ते बनवताना विरळ सल्फ्युरिक आम्ल घालायचं राहिलंय. त्यातलं बरंचसं फेरस एव्हाना फेरिक झालेलं असतं. ते ओतून द्या, त्यावर बॅच चालवू नका.

द्रावण मोजकंच करणं

वीस मुलं, प्रत्येकाची पायलट आणि तीन रीडिंग, वर ब्युरेट विसळायला लागतं ते वेगळंच, शिवाय दोघंतिघं सांडणार. माणशी दीडशे मिली धरलं तरी तीन लिटर होतात. दोन लिटरमध्ये भागवलं तर अर्ध्या वाटेत द्रावण संपतं, मग घाईघाईत दुसरं बनतं आणि त्याची शक्ती पहिल्यासारखी नसते. खिडकीकडच्या टेबलांचं रीडिंग एक, दाराकडच्या टेबलांचं दुसरं. लागेल त्याच्या दीडपट करा आणि दोन-तीन फ्लास्कांत बनवलं असेल तर वाटण्याआधी एकाच मोठ्या कॅनमध्ये ओतून नीट हलवा.

एकच द्रावण सगळ्यांना देणं

सगळ्या जर्नलांत सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) १०.३ दिसायला लागलं की मुलांच्या प्रामाणिकपणावर भाषण द्यायचा मोह होतो. देऊ नका, उपयोग नसतो. पहिल्या टेबलावरचं रीडिंग पाच मिनिटांत शेवटच्या टेबलापर्यंत पोचतं आणि ते थांबवणं कुणाच्या हातात नाही. तीन बाटल्या करा, ०.०९, ०.१० आणि ०.११ नॉर्मल, आणि त्यांवर फक्त अ, ब, क लिहा. १० मिलीला साधारण ९, १० आणि ११ अशी रीडिंग येतील. शेजारच्याचं उतरवलं तर लगेच कळतं. चार-पाच प्रॅक्टिकलांत मुलं स्वतःच्या ब्युरेटकडे पाहायला लागतात.

इथे गणिताचाही एक सापळा आहे. मुलं बारावीतून मोलॅरिटी शिकून येतात आणि आपल्या बऱ्याच प्रॅक्टिकल स्लिपांवर अजून नॉर्मॅलिटी असते. आम्लयुक्त द्रावणात परमँगनेटचा एक मोल पाच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०२ मोलर, लिटरला ३.१६ ग्रॅम. हे फळ्यावर सोडवून दाखवलं नाही तर अर्ध्या बॅचचं उत्तर पाचपट चुकतं आणि चुकलंय हे त्यांना कळतही नाही. तसंच ऑक्झॅलिक आम्लाचं. बाटलीत दोन रेणू पाण्यासकटचं असतं, म्हणजे रेणुभार १२६. मुलं ९० धरून वजन करतात. लेबलवरचं सूत्र वाचून वजन काढायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा.

लेक्चरबद्दल एवढंच सांगतो. क्लासमधून आलेल्या मुलांना योग्य पर्याय ओळखता येतो, कारण सांगता येत नाही. इलेक्ट्रॉनांनी फोर-एस ऑर्बिटल आधी भरतो हे सगळ्यांना पाठ असतं. मग लोहाचा आयन होताना फोर-एसचेच इलेक्ट्रॉन आधी का जातात, असं विचारलं की वर्ग गप्प. स्लाइड वाचून दाखवण्यापेक्षा तिथे दहा मिनिटं थांबा.

अपघात ‘आपल्याकडे होत नाहीत’ असं धरून चालणं

सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतू नये हे सगळ्यांना माहीत असतं. इथे लिहितोय त्या गोष्टी कमी बोलल्या जातात.

टोलेन्स रिएजंट (अल्डिहाइड ओळखायचं अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट) उरलं म्हणून रॅकवर ठेवून देऊ नका. काही तासांत त्यात चांदीचं स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. लागेल तेवढंच ताजं करायचं आणि प्रॅक्टिकल संपताच विरळ नायट्रिक आम्ल घालून ओतून द्यायचं. स्पॉटिंगच्या (पदार्थ ओळखायच्या) बॅचनंतर स्वतः रॅकवरून नजर फिरवा, एखादी टेस्टट्यूब हमखास राहिलेली असते.

सोडियम फ्यूजन (पदार्थ सोडियमसोबत तापवून वितळवणं) क्लोरोफॉर्म किंवा कार्बन टेट्राक्लोराइडवर करायला देऊ नका, स्फोट होतो. अननोन (मुलांनी ओळखायचा पदार्थ) म्हणून काय वाटायचं हे ठरवताना हे लक्षात हवं. लासेन एक्स्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे या फ्यूजनच्या अर्कात, हॅलोजन शोधताना नायट्रोजन किंवा गंधक असेल तर सिल्व्हर नायट्रेटआधी नायट्रिक आम्लात उकळावं लागतं. त्या वेळी सायनाइड आणि हायड्रोजन सल्फाइड वायुरूपात बाहेर पडतात, म्हणून ही पायरी फ्यूम हूडमध्येच. हायड्रोजन सल्फाइडच्या वासावर तर विसंबूच नका. हवेत प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं, आणि वास गेला म्हणून मुलं निर्धास्त होतात.

वेस्ट बाटली एकच ठेवण्याची पद्धत मोडून काढा. ॲसिटोन किंवा अल्कोहोल असलेल्या बाटलीत कोणी कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक ओतलं तर बंद बाटली फुटते. ऑरगॅनिकची बाटली वेगळी, तिच्यावर ठळक अक्षरात लेबल, आणि आम्लांची जवळपासही नाही.

आपल्या हवामानाचंही काही आहे. ईथरचा उत्कलनांक ३४.६ अंश. नागपूर-चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये लॅबच त्याहून तापलेली असते. मार्चपासून ईथरचे प्रयोग सकाळच्या बॅचला घ्या आणि त्या वेळी एकही बर्नर पेटलेला नको. लिकर अमोनियाच्या बाटलीत उन्हाळ्यात दाब साठतो. बर्फात गार करून, तोंड दूर ठेवून, हूडमध्ये उघडायची. उलट निफाड-नाशिकच्या थंडीत ग्लेशियल ॲसेटिक आम्ल सकाळी बाटलीत गोठलेलं सापडतं, ते १६.६ अंशांनाच गोठतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुरते, बर्नरजवळ न्यायची नाही.

तोंडाने पिपेट भरणं अजून चालतं, आणि मुलं ते सरांचं पाहूनच शिकतात. रबर बल्ब महाग नसतात, पहिल्या खरेदीच्या यादीत घाला. ॲप्रन सुती हवा. २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात हवेत पेट घेणारं रसायन सिरिंजमधून सांडलं आणि एका तरुण संशोधन साहाय्यकाच्या कपड्यांनी पेट घेतला. अंगावर ॲप्रन नव्हता, स्वेटर सिंथेटिक होता. अठरा दिवसांनी मृत्यू झाला. आपल्या बॅचमध्ये असलं रसायन नसतं, पण स्पिरिट असतं, बर्नर असतो, आणि ओढण्या तर नायलॉन-जॉर्जेटच्याच. ओढणी ॲप्रनच्या आत, केस बांधलेले, पायात बंद चपला किंवा बूट.

डोळ्यात काही उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. आम्ल होतं म्हणून सोडा, अल्कली होती म्हणून व्हिनेगर, हे डोळ्यात कधीही नाही. हे बॅचला आधी सांगा, कारण त्या क्षणी शेजारचा मुलगा तुम्हाला विचारायला थांबत नाही.

मामांना गृहीत धरणं, आणि चार्ज न मोजता घेणं

लॅबचे मामा, म्हणजे अटेंडंट, तुमच्या आधी पंधरा-वीस वर्षं त्या खोलीत आहेत. कुठल्या बाटलीला लेबल एक आणि आत भलतंच, कुठल्या टेबलाचा गॅस गळतो, कुठल्या ब्युरेटचा नळ टपकतो, हे रजिस्टरमध्ये नसतं, त्यांच्या डोक्यात असतं. पहिल्याच दिवशी नावाने हाक मारून ‘हे आणा, ते धुवा’ केलंत तर ती माहिती तुमच्यापर्यंत कधीच येणार नाही. ‘मामा, या टर्मला काय काय संपलंय?’ असं विचारून सुरुवात करा. उलट टोकही वाईट. द्रावणं सगळी मामाच करतात, सर फक्त सही करतात, अशा लॅबमध्ये एक दिवस मामा रजेवर गेले की काम ठप्प. वजन तुम्ही करा, किंवा निदान समोर उभे राहा.

लॅबचा चार्ज देताना ‘करा हो सही, सगळं बरोबरच आहे’ असं म्हटलं जातं. डेड स्टॉक रजिस्टर आणि कपाटं समोरासमोर ठेवून मोजल्याशिवाय सही करू नका. बॅलन्स, पीएच मीटर, प्लॅटिनमची क्रुसिबल किंवा तार, सिल्व्हर नायट्रेटच्या सीलबंद बाटल्या, या गोष्टी आधी पाहा, महाग तेच गहाळ झालेलं असतं. फुटलेलं ब्रेकेज रजिस्टरमध्ये चढलंय का बघा. जे सापडत नाही त्याची वेगळी यादी करा, त्यावर एचओडींची सही घ्या आणि एक झेरॉक्स स्वतःच्या फाइलला लावा. तासिका तत्त्वावर असाल तर त्याच फाइलमध्ये दर महिन्याच्या तासांच्या नोंदीची प्रतही ठेवा. बिल अडकलं किंवा पुढे अनुभवाचा दाखला मागायची वेळ आली की तीच दाखवावी लागते.