गुलामगिरीतून सुटलेल्या खापरपणजीचा माग कसा काढायचा

आमची सून अमेरिकेतली, कृष्णवर्णीय घरातली. तिच्या खापरपणजीला शोधताना जे कळलं ते लिहितोय, तुमच्याही घरात कोणी असेल तर कामी येईल.

आजपासून सुरू करून एकेक पिढी मागे जायचं. आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, घरचं जुनं बायबल असेल तर त्यात जन्म-मृत्यू लिहिलेले असू शकतात, फोटो काढून घ्या. मग जनगणना, फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट बघता येते. १९०० च्या जनगणनेत बाईला किती मुलं झाली, किती जगली हेपण विचारलंय. १८९० ची जवळपास काहीच उरलेली नाही, सोडून द्या आणि १८८० वरून १८७० ला या. इथे बहुतेक सगळे अडकतात, कारण त्याआधी गुलामगिरी होती, आणि १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव असतं मालकाचं, खाली नुसतं वय, लिंग, रंग.

मग काय करायचं? सुटलेल्या गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेची रजिस्टरं बघा (१८६५ ते १८७४), खातं उघडताना आईवडील, भावंडं, कधीकधी जुना मालकसुद्धा लिहून घ्यायचे. फ्रीडमन्स ब्युरो, म्हणजे त्यांच्या मदतीसाठीचं सरकारी खातं, त्याचे मजुरीचे करार, लग्नाच्या नोंदी बघा. आणि तिचा नवरा यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेत होता का हे नक्की बघा, असेल तर विधवा पेन्शनची फाईल म्हणजे लॉटरीच, कारण गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती, त्यामुळे लग्न झालं होतं हे सिद्ध करायला जुने सोबती साक्ष द्यायचे आणि त्यात अख्खं आयुष्य निघतं.

आता मालक. आडनाव त्याचंच असेल असं धरून चालू नका, १८७० मध्ये तिच्या आसपास राहणारे गोरे जमीनदारपण तपासा. मग त्या काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) कोर्टात त्याचं मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी शोधा. १६६२ च्या व्हर्जिनियातल्या कायद्याने आई गुलाम तर मूल गुलाम, पुढे दक्षिणेत सगळीकडे हेच, त्यामुळे कागदांत बरेचदा आई आणि तिची लेकरं एकत्र सापडतात. आपल्या कुलवृत्तांतात बाया 'कन्या दोन' एवढ्यावर संपतात, इथे उलट बाईवरूनच धागा लागतो. पण तो लागतो बैल आणि खाटांच्या मधल्या ओळीत, नावापुढे डॉलरचा आकडा. सुनेने ते पान बघून लॅपटॉप मिटला, दोन दिवस उघडला नाही.

नाव सापडलं की लगेच उड्या मारू नका, वय आणि मुलांची नावं १८७० शी जुळवून बघा. एकाच यादीत दोन-दोन मेरी असतात.